बारा सळया आणि बार्बरा

ग्राबोवा हुता,
१८ जानेवारी १९९८

झेनोबीमामा,

तुम्ही लेकीकडे सुखरूप पोचल्याचं लुद्काताईचं कार्ड आलं आणि जिवात जीव आला. चौदा तासांची गाडी, त्यात आईने तुमच्या पिशवीत कोंबलेल्या काकडीच्या लोणच्याच्या तीन बरण्या. एक तरी फुटली असणार. खरं सांगा, मी आईला सांगणार नाही.

तुमच्यावाचून प्रयोगशाळा ओकीबोकी वाटते. अठरा भट्ट्या आपापल्या सळया तापवत आणि ओढत उभ्या आहेत, पण त्यांना शिव्या घालणारं कुणी नाही. भट्टी भरणारा क्लेमेन्स सकाळी आत येताना अजूनही टोपी काढतो आणि तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून जीभ चावतो. दारावर तुम्ही सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, खडूने लिहिलेली अक्षरं तशीच आहेत. निवृत्तीचा दिवस असूनही चर्चमधल्या पहाटेच्या मिस्सेवरून तुम्ही थेट कामावर आलात, हे इथे सगळे अजून एकमेकांना सांगतात.

निघताना तुम्ही म्हणालात, "मी सगळं विसरलोय असं धरून पहिल्यापासून लिही." लुद्काताईकडे फोन नाही हे एका परीने बरंच झालं, नाहीतर तुम्ही मला रोज दोनदा उठवलं असतं. तर लिहिते. हेलिकॉप्टरवाल्यांना त्यांच्या छोट्या इंजिनातलं पात्यांचं चाक आता जास्त तापवायचंय, नऊशे अंशांपर्यंत. ते चाक कुठल्या मिश्रधातूचं ओतायचं, हे आपण तीस एप्रिलला सांगायचं आहे. एका बाजूला तुमची बार्बरा. तीस वर्षं आपल्या कारखान्यात ओतली जाणारी, क्रोमियमने भरलेली, कुणीही उठावं आणि सांधावी अशी गुणाची. दुसऱ्या बाजूला माझी नवी. दोन्ही निकेलच्याच लेकी, पण नवीत अ‍ॅल्युमिनियम आणि टँटलम जास्त. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे नऊशे अंशांवर, तेवढ्याच वजनाखाली, तिने बार्बराच्या दुप्पट तास टिकायला हवं. बार्बराच्या सळया तुमच्या हातच्याच, एकशे तीस तासांच्या आगेमागे तुटताहेत. नवीच्या बारा सळया भाजून आल्या आहेत. पहिल्या दोन परवा टांगल्या, खाली वजन लावून, तुटेपर्यंत.

डिसेंबरच्या बैठकीत तुम्ही सगळ्यांदेखत तिला "चार दिवसांची पाहुणीबाई" म्हणालात, ते मी विसरलेले नाही. बघूच आता. घोडामैदान जवळच आहे.

आणि एक. मला या कामात तुम्ही आणलंत, सळई कशी धरायची इथपासून शिकवलंत. समोर असताना हे कधी तोंडातून निघालं नाही, म्हणून कागदावर लिहिते. खूप आभार, मामा.

तुमची
बोग्ना


उस्तका,
२९ जानेवारी १९९८

बोग्ने,

बरणी एकच फुटली आणि तीही माझ्या रविवारच्या कोटावर. अख्ख्या डब्याला बडीशेपेचा वास. समोर एक मठवासिनी बसली होती, ती पोझनानपर्यंत खिडकीबाहेर तोंड काढून प्रार्थना करत होती. तुझ्या आईला सांग, लोणचं फार छान झालंय.

इथे समुद्र आहे. दुसरं काय लिहू? सकाळी बघतो तेव्हा तो तिथेच असतो. जावई मासे आणतो, लुद्का तळते, मी खातो आणि चुका काढतो. हेरिंग कांद्यात मुरवायची अक्कल या किनाऱ्यावर कुणाला नाही. लुद्काच्या दाराचं बिजागर मिठाने खाऊन टाकलंय, ते काढून बघत बसलो होतो. तुझ्या पाहुणीत क्रोमियम किती? बारा टक्के? ही हेलिकॉप्टरं समुद्रावरही उडतात, म्हणावं. ताकद ठीक आहे, पण तापलेल्या मिठाशी गाठ पडली की क्रोमियमच उभं राहतं. बार्बरात बावीस आहे. तुला टोमणा मारत नाही, अहवालात लिही म्हणतो. दोन धातू शेजारी ठेवायचे तर एकाच तराजूत ठेवून भागत नाही. नऊशे अंश हा एक तराजू. मीठ हा दुसरा. भेग गेली तर सांधता येते की चाक फेकायचं, हा तिसरा. तुझ्या नवीत अ‍ॅल्युमिनियमची कणी इतकी दाट बसलीय की सांधायला गेलं की ती तडकणार, हे तुलाही ठाऊक आहे.

बार्बराची पहिली ओत सहासष्ट सालची. डिसेंबरची चार तारीख, संत बार्बराचा दिवस, ओतणाऱ्यांचा सण. गावात वाजंत्री चालली होती आणि आम्ही आठजण भट्टीपुढे घामाघूम. म्हणून तिचं नाव ते. तेव्हापासून तिची एकही सळई अशी गेली नाही जी मी स्वतःच्या हाताने टांगली नाही किंवा उतरवली नाही. माणूस म्हातारा झाला की त्याला वाटतं आपल्यानंतर कुणी येऊच नये. हा माझा दोष आहे, मला कळतो.

नाताळच्या संध्याकाळी पाव मोडून एकमेकांची क्षमा मागायची असते. तुझ्यासमोर मी पाव मोडला आणि नुसतंच "सुखी रहा" म्हणालो. पाहुणीबाई म्हणाल्याची क्षमा मागायची राहूनच गेली. पण त्याची भरपाई मी नंतर माझ्या पद्धतीने केली आहे. काय ते विचारू नकोस.

क्लेमेन्सला सांग, खुर्चीवर बस म्हणावं. चावत नाही ती.

तुझा मामा
झेनोबी


ग्राबोवा हुता,
२० फेब्रुवारी १९९८

मामा,

काल उपवासांआधीचा लठ्ठ गुरुवार होता. सगळ्यांनी गुलाबाच्या मुरंब्याचे तळलेले गोळे आणले, क्लेमेन्सने नऊ खाल्ले आणि दहावा खिशात घातला. मला एकही गेला नाही.

माझ्या सळया तुटताहेत. पहिली एकसष्ट तासांत. दुसरी चौऱ्याहत्तर. मला वाटलं दोन भट्ट्यांत काही गडबड असेल, म्हणून पुढच्या दोन वेगळ्या भट्ट्यांत टांगल्या. अठ्ठावन्न आणि सत्तर. पुस्तक अडीचशेच्या पुढचं बोलतंय, मामा! आणि मध्यावर नाही तुटत. प्रत्येक सळई वरच्या टोकाला, जिथे ती पकडीखाली बारीक होते तिथे तुटते. चारच्या चार.

संचालकबाईंनी बोलावलं होतं. त्या ओरडत नाहीत, तेच वाईट. चष्मा पुसत म्हणाल्या, "बोग्ना, दोन वर्षं तू या नव्या धातूसाठी माझं डोकं खाल्लंस. तीस एप्रिलला तुझ्या सहीचा कागद जाणार आहे. त्यावर काय लिहायचं ते तूच ठरव." मी बाहेर आले आणि संडासात जाऊन रडले. हे आईला कळवू नका.

तुमच्याजवळ खोटी ऐट कशाला मिरवू? मला मदत हवी आहे. मी कुठे चुकते आहे?

बोग्ना


उस्तका,
२ मार्च १९९८

बोग्ने,

आधी डोळे पूस. सळया तुटण्यासाठीच असतात, आपण नाही.

आता मी उंटावरून शेळ्या हाकतो, तू ऐक. वरच्या टोकाला तुटते म्हणजे ओढ सरळ नाही. पकड वाकडी बसली की एका बाजूवर जास्त ताण येतो. सगळ्या पकडी उतरव, सपाट काचेवर ठेवून बघ. मग वजनं. अकरा नंबरच्या भट्टीचं वजन त्र्याऐंशीत पडून त्याचा टवका उडाला होता, ते मी बदललं होतं, पण जुनं कुणी भंगारातून परत आणलं असेल तर देव जाणे. मग थर्मोकपल. तार सळईला टेकलीय ना? भिंतीला टेकली की ती भिंतीचं तापमान सांगते आणि तुझी सळई बिचारी पन्नास अंश जास्त सोसत बसते. क्रमाने कर. एकाच दिवशी सगळं बदललंस तर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

आता दुसरं. तुझं पत्र वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आनंद झाला. लपवत नाही. लुद्काला म्हणालो, "बघितलंस? माझी म्हातारी अजून उभी आहे." ती म्हणाली, "बाबा, तुमची भाची रडतेय आणि तुम्ही दात काढताय?" मग मला जेवण गेलं नाही. म्हणजे थोडंच गेलं.

तीस वर्षं बार्बराने आपल्याला तोंडघशी पाडलं नाही, हे मात्र खरंच. कदाचित प्रत्येक नवी गोष्ट चांगली नसते. इतकंच म्हणतो.

मामा


ग्राबोवा हुता,
३० मार्च १९९८

मामा,

पकडी सरळ आहेत. वजनं पुन्हा तोलून घेतली. थर्मोकपल तीन वेळा तपासले. तुम्ही सांगितलंत तसंच, एकेक करून. त्यानंतर आणखी चार टांगल्या. पंचावन्नपासून ऐंशीपर्यंत, सगळ्या तिथेच तुटल्या. आता बारापैकी चारच उरल्या आहेत.

मग तुटकी टोकं सूक्ष्मदर्शकाखाली घातली. मामा, धातूच्या दाण्यांमधल्या सीमांवर गंधक आहे. पृष्ठभागातून आत शिरलेलं, टोकाशी जास्त, खाली कमी. तुमचं पहिल्या दिवसाचं वाक्य आठवलं: "निकेलचा एकच वैरी लक्षात ठेव, गंधक. ते सापडलं की निकेल आतून वितळतं आणि वरून हसत राहतं." म्हणूनच तर आपल्याकडे पेन्सिल नाही, ग्रीस नाही, उघडा हात नाही.

धातू विकणाऱ्यांवर संशय घेतला. त्यांच्या कांड्या तपासल्या, स्वच्छ. मग उरली ती हवा काढलेली भट्टी, जिथे सळया टांगण्याआधी भाजतो. ती भरतो क्लेमेन्स. संचालकबाईंनी त्याला विचारलं, "तेलकट हात लावलास का?" तो नाही म्हणाला. "मग काय लागलं होतं सळयांना?" तो गप्प. एरवी ज्याचं तोंड झाकणाने बंद करावं लागतं, तो माणूस टोपी चुरगाळत खाली बघत उभा राहिला. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, चूक त्याचीच. सोमवारपासून त्याला भट्टीवरून काढून अंगण झाडायला लावलंय. एकोणीस वर्षं भट्टीवर होता.

नव्याने सळया ओतायला वेळ द्या, असं मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "कारण सांग, मग वेळ मागते. नुसतं 'गंधक कुठून तरी आलं' असं हेलिकॉप्टरवाल्यांना कळवू?" त्यांचंही बरोबरच आहे. तेव्हा मी लिहिणार की नवा धातू चाकासाठी योग्य नाही. तुमची बार्बरा जिंकली, मामा. मनापासून अभिनंदन. हरायचंच होतं तर तुमच्याकडून हरले, याचं बरं वाटतं.

फक्त एवढंच सांगा, तुमच्या चौतीस वर्षांत असं कधी झालं होतं का? गंधक काय आभाळातून पडलं?

बोग्ना


उस्तका,
५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

बोग्ने,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस.

गंधक मी आणलं.

तीन राजांच्या सणाला, मिस्सेनंतर, फादरांनी आशीर्वाद दिलेले खडू वाटले. दरवर्षी वाटतात, तुला माहीत आहे. दरवर्षी मी दारावर तीन राजांची अक्षरं आणि साल लिहितो. या वर्षी दारावर लिहून झालं आणि आत आलो, तर तुझ्या बारा सळया कपाटात ओळीने उभ्या. भाजायच्या राहिलेल्या. खोलीत कुणी नव्हतं. मला ते पाहुणीबाईचं बोलणं टोचत होतं. वाटलं, क्षमा मागायची तर इथेच मागावी. प्रत्येक सळईच्या खांद्यावर, पकडीखाली, मी खडूने एक बारीक क्रूस काढला आणि म्हणालो, "देवा, मुलीला यश दे, माझ्या हट्टाकडे बघू नकोस." बारा क्रूस, बारा वेळा प्रार्थना. मग दिवा मालवून बाहेर आलो. आयुष्यात बार्बराच्या विरुद्ध केलेली माझी ती एकमेव प्रार्थना.

खडूला मनाई आहे हे मला माहीत नव्हतं का? सळयांच्या कपाटावरची मनाईची पाटी माझ्याच हातची आहे. पण मी म्हटलं, खडू म्हणजे चुना. आपल्या गावचे आशीर्वादाचे खडू टेकडीच्या खाणीतल्या चुनखडीचे असतात, त्यात गंधक कुठलं? आणि खरं सांगायचं तर, आशीर्वादाच्या वस्तूला नियम लागतो असं त्या क्षणी वाटलंच नाही.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. "टोकाशी जास्त, खाली कमी" हे वाचलं आणि खडू आठवला. उरलेला खडूचा तुकडा माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात होता. लुद्काच्या स्वयंपाकघरात गेलो, वाटीत लोणच्याचं व्हिनेगर ओतलं आणि तुकडा टाकला. चुना असता तर फसफसला असता. तो नुसता तळाशी बसून राहिला. एक बुडबुडा नाही. लुद्का म्हणाली, "बाबा, कशाची वाट बघताय?" मी तिथेच स्टुलावर बसलो. खाण गेल्या वर्षी बंद झाली, आठवलं. फादरांनी शाळेच्या वस्तूंच्या दुकानातून पेटी आणली असणार. प्लास्टरचे खडू. म्हणजे जिप्सम. म्हणजे चुना आणि गंधक. हवा काढलेल्या भट्टीत बाराशे अंशांवर ते सुटलं आणि तुझ्या धातूत शिरलं. बार्बराच्या सळया तेव्हा आधीच भाजून टांगलेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या.

आता ऐक, कारण हे सांगणं मला जड जातंय. शुक्रवार आणि शनिवार मी हे पत्र लिहिलं नाही. तुझं पत्र खणात ठेवलं. दोन दिवस मी असा विचार केला की हे कुणालाच कळणार नाही. बार्बरा राहील. ती ओतणारी भट्टी राहील. माझ्या मागे माझं काहीतरी त्या गावात उरेल. फक्त तू हरशील, आणि तू तर तरुण आहेस. असं सगळं मनात आणलं. पण क्लेमेन्स अंगण झाडतोय, ते डोळ्यांपुढून हलेना. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर इथे हेरिंग खातोय.

हे पत्र संचालकबाईंना दाखव. कारण हवं होतं ना त्यांना, हे घे. वेळ माग. सळया नव्याने ओत. क्लेमेन्सला भट्टीवर परत बसव, उद्याच्या उद्या.

मला क्षमा कर. नाताळला म्हणायचं होतं ते आता म्हणतो.

मामा


ग्राबोवा हुता,
११ एप्रिल १९९८

मामा,

घाईत लिहिते. उद्या ईस्टर, आईने अंडी उकडायला लावलीत आणि मी कांद्याच्या सालांच्या पातेल्याशेजारीच लिहायला बसले आहे.

तुमचं पत्र वाचून मी रडले. मग हसले. मग प्रयोगशाळेत धावत जाऊन कपाटातल्या चारही सळया भिंगाखाली धरल्या. भाजून झाल्यावरही खांद्यावर फिकट डाग दिसतात, तुमच्या क्रूसाच्या आकाराचे. इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होते!

मग अंगणात गेले. क्लेमेन्सला म्हटलं, "मामांचं पत्र आलंय." त्याने झाडू खाली ठेवला आणि म्हणाला, "त्यांनी स्वतः सांगितलं?" मामा, त्याला माहीत होतं. सळया भट्टीत ठेवताना त्याने क्रूस पाहिले होते. तुमचा हात त्याने ओळखला. म्हणतो, "आशीर्वादाची खूण कोण पुसणार? पुसली तर पाप, आणि तीही साहेबांच्या शेवटच्या दिवशी." त्यालाही वाटलं खडू म्हणजे चुना. गंधकाचं नाव निघालं तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो गप्प बसला. मी चिडले. म्हटलं, "अरे बाबा, नोकरी गेली असती तुझी!" तर म्हणाला, "एकोणीस वर्षं त्यांनी माझ्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या. एक माझ्याकडून."

तो काल भट्टीवर परत गेला. आज सकाळपासून त्याचं तोंड पुन्हा सुरू झालंय, देवा रे देवा.

संचालकबाईंनी जूनअखेरपर्यंत मुदत मिळवली. पण अहवालात कारण लिहावं लागणार. त्या म्हणाल्या, नाव घालायलाच हवं असं नाही, "सळयांना चुकून खडू लागला" एवढं पुरे. मलाही तसंच वाटतं. निवृत्त माणसाचं नाव कशाला?

क्षमेचं म्हणाल, तर ती मी पत्र संपायच्या आत केली होती. खणात दोन दिवस ठेवलेलं पत्र तिसऱ्या दिवशी बाहेर काढणारी माणसं किती असतात, मामा? तुमच्या हातून मला धडे मिळाले असं मी जानेवारीत लिहिलं होतं. तेव्हा मला काहीच कळत नव्हतं.

बोग्ना


उस्तका,
२० एप्रिल १९९८

बोग्ने,

नाव घाल.

चुकून खडू लागला म्हणजे काय, तो स्वतः चालत आला? तसं लिहिलंस तर पुढची पंचवीस वर्षं ग्राबोवा हुतात प्रत्येकजण क्लेमेन्सकडे बघेल. आणि वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की चौतीस वर्षं काम केलेला माणूसही हे करू शकतो. नवख्याने केलं असं वाटलं तर कुणी शिकणार नाही.

नाव, आडनाव, हुद्दा. आणि क्लेमेन्सला सांग, तो गाढव आहे. ते त्याला नीट समजेल. वर हेही सांग की मी त्याच्या नावाने मेणबत्ती लावली. खडू नाही, मेणबत्ती.

मामा


ग्राबोवा हुता,
२८ जून १९९८

मामा,

नव्या सळया ओतल्या, माझ्या डोळ्यांदेखत भाजल्या, कपाटाला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. दोनशे सत्त्याऐंशी तास. तीनशे एक. दोनशे चौऱ्याण्णव. सगळ्या मध्यावर तुटल्या, जशा तुटायला हव्यात तशा. बार्बराच्या शेवटच्या तीन पुन्हा शेजारी टांगल्या होत्या, कुणी अन्याय म्हणू नये म्हणून. एकशे एकतीस, एकशे सव्वीस, एकशे तेहतीस.

चाक नवीचं होणार. हे तुम्हाला लिहिताना माझा हात थांबला होता. पण तुमचे बाकीचे दोन तराजूही मी मांडले. तापलेल्या मिठात नवीची कातडी सोलून निघाली, बार्बरावर नुसता डाग. तेव्हा चाकाला आता लेप द्यावा लागणार. आणि इंजिनातलं ज्योतीभोवतीचं नळकांडं, जे आठशेच्या वर तापत नाही आणि ज्याला दरवर्षी सांधावं लागतं, ते बार्बराचंच राहणार. आधी वर्षाला चाळीस ओती होत होत्या, आता सहा होतील. जास्त नाहीत. पण लठ्ठ गुरुवारच्या गोळे खाण्याच्या पैजेसारखं एक हरलं एक जिंकलं असं नाही झालं, कारण तुम्ही मला तीन तराजू दिले होते. ते नसते तर मी नुसते तास मोजून अहवाल पाठवला असता आणि दोन वर्षांनी समुद्रावर कुठेतरी चाक मिठाने खाल्लं गेलं असतं.

अहवालाची प्रत सोबत आहे. सातवं पान बघा. बैठकीत संचालकबाईंनी ते पान मोठ्याने वाचलं. मग त्या म्हणाल्या, "पुढचा मुद्दा," पण चष्मा पुसायला लागल्या.

सप्टेंबरमध्ये मी आणि आई येतोय. बरण्या कमी आणू.

तुमची
बोग्ना


उस्तका,
९ जुलै १९९८

बोग्ने,

प्रत पोचली. बार्बराच्या सहा ओती पुष्कळ झाल्या. तिची जागा नसताना तिला चाकात बसवली असती आणि चाक फुटलं असतं, तर माझ्या म्हातारीच्या नावाला काय किंमत राहिली असती? तू तिला तिच्या जागी बसवलंस. माझ्याने ते कधी झालं नसतं.

आता सातवं पान. मी ते खिडकीपाशी नेऊन वाचलं. "सळयांवर प्लास्टरच्या खडूची खूण केली : झेनोबी कुलेशा, तंत्रज्ञ." आणि त्याच्या खालच्या ओळीत, "दोषाचं कारण शोधून कळवलं : झेनोबी कुलेशा, तंत्रज्ञ." ही दुसरी ओळ मी मागितली नव्हती. ती तू घातलीस.

तुला एक सांगतो, तुझ्या लक्षात आलं नसेल. चौतीस वर्षांत त्या कारखान्यातून तीनशेच्या वर अहवाल गेले. प्रत्येक आकडा माझ्या भट्टीतला, माझ्या वहीतला. सह्या इंजिनियर लोकांच्या. तंत्रज्ञाचं नाव घालायची रीत नव्हती. तक्रार म्हणून नाही सांगत, त्यांच्या सह्यांवर माझा पगार झाला, लुद्का शिकली. पण बार्बराच्या पहिल्या अहवालातही मी नाही. छापील कागदावर माझं नाव आलं ते हे पहिलंच, एका पानावर दोनदा, एकदा माझ्या चुकीपुढे आणि एकदा माझ्या खरेपणापुढे.

जावई म्हणाला, "बाबा, हे कुणाला दाखवू नका, लोक हसतील." मी म्हटलं, बरं.

पण रविवारी मिस्सेला जाताना ते पान घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. कुणाला दाखवलं नाही. सगळे गुडघे टेकत होते तेव्हा एकदा हात लावून बघितला, आहे ना. होतं. मग आभार मानायचे होते ते मानले. आधी देवाचे, नंतर तुझे.

तुझा
झेनोबीमामा